आबांचा उजवा गाल

हे लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे मला ठाऊक आहे. ज्यानं इतिहास उर्दूत पाठ केला, भूमिती उर्दूत सोडवली आणि मराठी घरी भांडण्यापुरती ठेवली, त्यानं मराठीत चार पानं लिहायला बसावं हा आगाऊपणाच आहे. त्यात विषय म्हणजे कान. लोक वडिलांच्या कर्तबगारीवर लिहितात, मी वडिलांच्या वाहत्या कानावर लिहितो आहे. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. ज्यांना वेळेवर सांगायला हवं होतं त्यांना मी काही सांगितलं नाही, म्हणून आता ज्यांचा काही संबंध नाही त्यांना सांगायला निघालो आहे, एवढीच माझी सबब.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, लातुरात सनई वाजवत. सकाळ-संध्याकाळ देवळात, आणि लग्नसराईत औशापासून निलंग्यापर्यंत मांडवामांडवांतून. त्यांचा उजवा कान मला कळतं तेव्हापासून वाहत होता. उपचारांची मात्र कमतरता नव्हती. लसणाचं तेल, कडुलिंबाचा रस, रुईच्या पानाचा शेक; गल्लीत घरटी एक औषध आणि प्रत्येक औषध हमखास गुणाचं. कानालाच तेवढं ते समजत नव्हतं. आबा कापसाचा बोळा घालून वाजवायला बसत. सनई वाजवायला एक कान पुरे, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि मांडवातल्या लोकांना तर अर्धाही लागत नाही.

मी कॉलेजात गेलो त्या वर्षी फाल्गुनात त्यांच्या कानामागे सूज आली. ताप उतरेना, डोकं फुटायला लागलं, चालताना तोल जायला लागला. लातूरच्या वैद्यांनी आठ दिवस लेप दिले आणि नवव्या दिवशी नांदेडचा रस्ता दाखवला. तिथं कानामागचं हाड कापणारा एक डॉक्टर नव्यानं आला होता.

परीक्षा संपवून मी हैदराबादेहून आलोच होतो. आबा, माय, आत्या, चुलते आणि मी असे पाच जण अहमदपूर-लोह्यावरून मोटारीनं नांदेडला गेलो. आत्या ही आबांची थोरली बहीण. आमच्या घरात काहीही व्हायचं असेल तर ते तिच्या हजेरीत व्हावं लागतं. चुलते आले ते पुरुष माणूस पाहिजे म्हणून. मी होतो, पण मी शिकलेला होतो, त्यामुळे मला पुरुष माणसात धरत नव्हते.

कॉलेजात शेरवानी सक्तीची होती आणि माझ्याकडे दुसरा धड कपडा नव्हता, म्हणून मी शेरवानीतच होतो. दवाखान्याच्या व्हरांड्यात पाऊल टाकताच एकानं उठून मला जागा दिली आणि दुसऱ्यानं मला सरकारी अंमलदार समजून जमिनीच्या भांडणाची दरखास्त माझ्या हातात ठेवली. मी ती परत केली, पण लगेच केली नाही. हेही सांगितलं पाहिजे.

डॉक्टर भराभर उर्दू बोलत. आबांचा कान तपासून झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. मी इंटरचा विद्यार्थी आहे हे ऐकून ते खूश झाले आणि एका कागदाच्या पाठीवर त्यांनी हाड काढून दाखवलं. हाड सडलं आहे. इथून वर मेंदू जवळ आहे, म्हणून थांबता येणार नाही. इथं तोल सांभाळणारा भाग आहे, त्याला धक्का लागला तर चक्कर राहील. ऐकू येणं जाईल ते जाईल. आणि मग एक बारीक रेघ ओढून ते म्हणाले, "ये चेहरे की नस. बिल्कुल पास से जाती है. मुंह टेढा हो सकता है. वालिद को समझा दो, फिर अंगूठा लो."

वडील काय करतात, असंही त्यांनी विचारलं. मी "खेती" म्हणालो. देवळाची दोन तुकडे जमीन आम्ही कसत होतो, त्यामुळे ते अगदीच खोटं नव्हतं. शेरवानी घातलेल्या माणसाचा बाप मांडवात सनई वाजवतो, हे सांगायला ती जागा मला बरोबर वाटली नाही. जागा बरोबर असती तर मी सांगितलं असतं, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं.

मग मी आबांना समजवायला गेलो. मला वाटलं, सुशिक्षित माणसाचं काम रोग्याला धीर देणं आहे. मी म्हणालो, थोडं हाड खरवडायचं आहे, भ्यायचं काम नाही. आबांनी डावा कान माझ्याकडे केला.

"वाजवाय येईल न्हवं?"

"येईल की."

आमच्या घराण्यातलं सगळं उच्च शिक्षण मी त्या दोन शब्दांत घातलं. आबांनी अंगठा दिला.

ऑपरेशन दुपारपर्यंत चाललं. डॉक्टरांना त्याच दिवशीच्या गाडीनं हैदराबादेला जायचं होतं; कुणा मोठ्या अधिकाऱ्याच्या घरी घसा दुखत होता, आणि मोठ्या घशापुढे लहान कान थांबू शकतो. निघताना त्यांनी कंपाउंडरला सगळ्यांदेखत तीन सूचना दिल्या. नाक शिंकरायचं नाही, खोकायचं नाही, काही म्हणजे काही फुंकायचं नाही. मला एकच काम सांगितलं. शुद्धीवर आल्यावर रोज दोनदा पाहायचं, डोळा मिटतो का. आणि दात दाखवायला सांगायचं, ओठ दोन्ही बाजूंना सारखा ताणला जातो का. ते वहीत लिहून ठेवायचं.

मी वही केली. रेघा मारून घरं पाडली आणि वर उर्दूत सुंदर अक्षरात मथळे घातले: नाडी, ताप, उलटी, लघवी, डोळा, दात. पहिली चार घरं मी अशी भरली की ती वही बघून कुणीही मला डॉक्टरीला घेतलं असतं. शेवटची दोन रिकामी राहिली.

पट्टी मोठी होती. कपाळापासून जबड्यापर्यंत उजवी बाजू झाकलेली. दिसायचं ते नाक, डावा डोळा आणि ओठ. तेव्हा डोळ्याचं घर रिकामं राहिलं याचा दोष मी पट्टीला दिला. दातांच्या बाबतीत पट्टीचा काही दोष नव्हता. पण आबांना दात दाखवा असं म्हणायचं कुणी? आमच्या घरी मी बापासमोर खाटेवर बसत नाही, बाप बोलत असताना मान वर करत नाही. ते उलट्यांनी बेजार झालेले, खोली गरगर फिरते म्हणून खाटेची माचवी धरून पडलेले, उशाशी त्यांची थोरली बहीण बसलेली, आणि मी शेरवानीत उभा राहून म्हणायचं, आबा, जरा दात दाखवा. आत्यानं माझेच पाडून दाखवले असते. पहिल्या दिवशी धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या दिवसावर ढकललं. तिसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या तोंडाकडे बघायचंच टाळायला लागलो, कारण ती बारीक रेघ मला माहीत होती आणि बाकी कुणाला माहीत नव्हती.

पाचव्या दिवशी कंपाउंडरनं पट्टी सैल केली. आबांचं तोंड डावीकडे ओढलेलं होतं. उजवा डोळा उघडाच, पापणी हलत नाही. मायनं पाणी पाजलं ते ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून उशीवर आलं.

आत्यानं गळा काढला. चुलत्यांनी लकवा ठरवला आणि लकव्यावर रानकबुतराचं गरम रक्त चोळतात हेही ठरवलं. आल्यापासून त्यांना करण्यासारखं काही सापडलं नव्हतं, ते आता सापडलं. तासाभरात ते उपरण्याखाली जिवंत कबूतर घेऊन हजर झाले. कंपाउंडरनं त्यांना फाटकाशीच अडवलं. दोघांची बरीच बाचाबाची झाली आणि तेवढ्यात कबूतर उडून गेलं. त्या आठवड्यात आमच्यापैकी ज्यानं वेळेवर योग्य तो निर्णय घेतला असं ते एकटंच.

सातव्या दिवशी डॉक्टर परतले. आबांचं तोंड त्यांनी दोन्ही बाजूंनी निरखलं. मग त्यांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं आणि एकच प्रश्न विचारला. तोंड शुद्धीवर आल्यापासून वाकडं आहे, का नंतर झालं? त्यांनी मला समजावून सांगितलं आणि या वेळी सगळ्यांसमोर सांगितलं. पहिल्यापासून वाकडं असेल तर नस कापली गेली आहे. मग हैदराबादेला नेऊन पुन्हा उघडावं लागेल, आणि त्यात जिवाची खात्री देता येत नाही. नंतर झालं असेल तर नस शाबूत आहे, आत कोंबलेल्या कापडानं आणि सुजेनं दबली आहे. कापड काढायचं आणि वाट बघायची.

"मैंने लडके को सब बताया था," ते म्हणाले. "कॉपी दिखाओ."

मी वही दिली. त्यांनी पानं उलटली. लघवीच्या घराचं कौतुक केलं नाही. रिकाम्या दोन घरांवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं.

आता साक्षी सुरू झाल्या. आत्या म्हणाली, अंगठा दिला त्याच दिवशी तिला तोंड वाकडं वाटलं होतं, पण तिचं या घरात ऐकतो कोण. चुलते म्हणाले की आबांचं तोंड लहानपणापासूनच थोडं डावीकडे आहे, आणि त्यांच्या वडिलांचंही होतं. मग दोघांत वडिलांच्या तोंडावरून वाद लागला. मी खाली बघत होतो. आबा डाव्या कानानं सगळं ऐकत होते.

माय दाराशी उभी होती. ती परक्या पुरुषासमोर बोलत नसे. ती पुढं आली आणि डॉक्टरांच्या पायांकडे बघून म्हणाली, "तिसऱ्या दिशी सरळ होतं."

डॉक्टरांना मराठी येत होती, हे आम्हाला तेव्हा कळलं. "तुम्ही कसं बघितलं?"

"बघितलं न्हाई. ऐकलं."

"काय ऐकलं?"

तिनं खाटेवरच्या आबांकडे पाहिलं. मग तिनं कमरेची पिशवी काढली आणि त्यातून सनईची पत्ती बाहेर काढली. सनईच्या तोंडाशी असते ती, ताडाच्या पानाची, नखाएवढी. "लग्नं तोंडावर आलीत, व्हट मरतेत म्हनले. मागायलते. म्याच आणून दिली. दुपारी समदे जेवाय गेले तवा वाजवली. जरा येळच."

आत्यानं तिच्याकडे बघितलं ते मी विसरणार नाही. दोन दिवस माय हेच धरून बसली होती की फुंकायची मनाई असताना तिनं पत्ती दिली आणि तिच्याच हातानं नवऱ्याचं तोंड गेलं. मी माझं धरून बसलो होतो. एकाच खाटेच्या दोन बाजूंना बसून आम्ही दोघं एकमेकांची नजर चुकवत होतो आणि दोघांनाही वाटत होतं की दुसऱ्याला कळलं आहे.

"वारा सुटत होता का?" डॉक्टरांनी विचारलं. "ओठाच्या कडेनं?"

"न्हाई. एक टिपका न्हाई. एकवीस वर्सं ऐकायलेय म्या. सुटला असता तर कळलं असतं."

डॉक्टरांनी आधी तिला यथेच्छ रागावून घेतलं. जीव गेला असता, कान पुन्हा फुटला असता, अडाणी माणसांवर हात टाकूच नये. मग ते स्टुलावर बसले आणि त्यांचा आवाज बदलला. दोन्ही कोपरे बंद झाल्याशिवाय ती पत्ती बोलत नाही, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. "नस कटी नहीं है," ते म्हणाले. "दबी है." लगेच त्यांनी चिमटा मागवला आणि आबांच्या कानामागून कापडाची पट्टी ओढायला सुरुवात केली. ती संपेचना. आत्या म्हणाली, एवढ्यात लहान पोराचं कुंची-झबलं झालं असतं.

हात धुताना ते मला म्हणाले, "और आप की खेती? ज्वार बोते हैं या शहनाई?"

मी त्यांच्या हातावर पाणी घालत राहिलो. सगळे बाहेर गेल्यावर आबांनी मला जवळ बोलावलं. त्यांना 'प' आणि 'ब' नीट म्हणता येत नव्हते, म्हणून ते सावकाश बोलत.

"तुला ठाव होतं?"

"हाव."

"मग येईल की म्हणलास, ते कशावरून?"

कशावरूनच नाही, हे त्यांना माझ्या तोंडावरूनच कळलं. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं, आणि वळवताच चक्कर आली म्हणून पुन्हा माझ्याकडेच करावं लागलं. दोघांचीही मोठी पंचाईत झाली.

आम्ही लातूरला परतलो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सहा महिने, कदाचित वर्ष. आलं तर आलं. तोवर डोळ्यात औषध टाकायचं आणि झोपताना त्यावर फडकं बांधायचं. जखम भरली, कानामागे बोट मावेल एवढा खड्डा राहिला, आणि कान वाहायचा थांबला. त्या कानानं ऐकणंही थांबवलं. म्हणजे औषध लागू पडलं होतं. पेटी वाचली, आतला माल गेला.

वैशाखातली लग्नं आबांच्या चुलतभावानं वाजवली. आबा घरी बसून ती एका कानानं ऐकत आणि काय चुकलं ते सांगत. सांगायला कुणी नसेल तर मायला सांगत. जिभेच्या उजव्या बाजूला चव राहिली नव्हती. वरणात मीठ नाही म्हणून ते रागवायचे आणि घास डावीकडे गेला की गप्प व्हायचे. बघायला येणाऱ्यांची रीघ होती. जायफळ गालात धरा, आरशात बघत अमुक मंत्र म्हणा, असं सांगून जाणारे बरेच. एक जण म्हणाला, बरं झालं, आता तुम्ही सारखे हसल्यासारखे दिसता. आबा रोज सकाळी भिंतीकडे तोंड करून गाल फुगवायचा प्रयत्न करत. डावा फुगायचा. उजव्यातून फुस्सकन वारा जायचा. ते बघायला लागू नये म्हणून मी सकाळी आडावर पाणी आणायला जायचो. त्या दिवसांत आमच्या घरी पाणी भरपूर असे.

माझ्याशी ते बोलत. काम असेल तेवढं बोलत. सनई खुंटीला होती.

आषाढात मी हैदराबादेला परत गेलो. वसतिगृहात पहिल्या वर्षीच मी सगळ्यांना घरी खेती असल्याचं सांगून ठेवलं होतं, ते तसंच चालू ठेवलं. घरी कुणाला लिहिता येत नव्हतं. गल्लीतले एक निवृत्त मास्तर पत्र लिहून देत. त्यांचं अक्षर फार वळणदार आणि मजकूर ठरलेला. विशेष लिहिण्यास कारण की येथे सर्व क्षेम आहे, तुमचे क्षेम कळवणे, अभ्यास नीट करणे. मी लिहून विचारलं, आबांचा गाल कसा आहे. उत्तर आलं, सर्व क्षेम आहे. मी लिहिलं, डोळा मिटतो का ते स्पष्ट कळवा. उत्तर आलं, येथील काळजी नसावी. आजारपण कार्डावर लिहिणं मास्तरांच्या सभ्यतेत बसत नव्हतं. मी ज्या रीतीनं आबांना धीर दिला होता, त्याच रीतीनं ते मला देत होते, आणि माझ्याहून चांगल्या मराठीत.

दिवाळीला गेलो नाही. पैशाची अडचण आहे असं कळवलं. खरं म्हणजे ती भिंत आणि ते गाल फुगवणं बघायची हिंमत नव्हती.

मार्गशीर्षाच्या अखेरीला माझ्या खोलीतला मुलगा निलंग्याहून परत आला. तो तिथल्या शेतकऱ्याचा, बोलघेवडा. बहिणीच्या लग्नाला गेला होता. त्यानं लाडू वाटले आणि लग्नाची गाऱ्हाणी सांगायला बसला. व्याही रुसले, मोटार बंद पडली, वरण लागलं. मी पुस्तक पुढं धरून हं हं करत होतो.

"आन् सनईवाला तर लई वाईट," तो म्हणाला. "लातूरहून आणला, नाव मोठं म्हणून. दोन चिजा झाल्या की थांबायचा, घाम पुसायचा. वरच्या सुराला गेला की फाटायचं. मामा बोलले त्याला, तर त्यांच्यावरच डाफरला. म्हणे नऊ महिन्यांनी हातात घेतलीय, ऐकायचं तर ऐका न्हाई तर कानात बोळे घाला."

मी पुस्तक खाली ठेवलं. विचारलं, म्हातारा होता का. तो म्हणाला, म्हातारा नाही, पण कानामागे हा एवढा खड्डा.

"वाजवताना गाल फुगत होते?"

"म्हंजी?"

"गाल. एकच फुगत होता का?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मग त्यानं स्वतःचं तोंड भरून फुगवून दाखवलं आणि हवा सोडली.

"दोन्ही की रे. असे. काहून?"